गवताचं छप्पर गळतं कुठून? शाकारणीबद्दल वाचकांचे प्रश्न

शाकारणीच्या तोंडावर इगतपुरी, पेठ, सुरगाणा, निफाड तालुक्यांतून आणि नाशिक शहरातूनही पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. कामाला मुदत विचाराल तर एकच. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, तोवर आढं, म्हणजे छपराचा माथा, बांधून झालेलं असावं. मृगाची वाट पाहिली तर गवत अंगणातच भिजतं.

प्रश्न : इगतपुरी तालुक्यात शेतावर गुरांसाठी छप्पर घातलंय. रुंदी १६ फूट, भिंतीच्या माथ्यापासून आढं ४ फूट उंच. पहिल्या वर्षी गळलं म्हणून दुसऱ्या वर्षी गवताचा थर ८ इंचांवरून १२ इंचांवर नेला. आता आधीपेक्षा जास्त गळतंय. गवत चांगलं डोंगरी आहे. चूक कुठे झाली?

उत्तर : गवतात नाही, उतारात. आणि थर वाढवल्यामुळे चूक मोठी झाली.

गवताचं छप्पर पत्र्यासारखं पाणी अडवत नाही. थेंब वरच्या काडीवर पडतो, काडीवरून बुडख्याकडे, म्हणजे मुळाकडच्या जाड टोकाकडे, घसरतो, तिथून खालच्या काडीवर उतरतो आणि असं करत वळचणीला, म्हणजे छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या कडेला, पागोळी होऊन गळतो. नीट शाकारलेल्या छपरात मोठ्या पावसातही वरचा इंच-दीड इंच भिजतो, त्याखाली गवत कोरडं असतं. हे व्हायला काडीला स्वतःला उतार हवा. आणि काडीचा उतार छपराच्या उताराएवढा कधीच नसतो. प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर टेकलेली असते, म्हणून तिचा बुडखा उचललेला राहतो.

हिशेब करून बघा. गवत साडेतीन फुटी, म्हणजे ४२ इंच. थर ८ इंचांचा. काडीचा शेंडा थराच्या तळाशी, गवत ज्या आडव्या पट्टीला बांधतात त्या कांबीपाशी, आणि बुडखा थराच्या वरच्या अंगाला, ८ इंच वर, तर काडी छपरापेक्षा साधारण ११ अंशांनी आडवी पडते. तुमचं छप्पर अर्ध्या रुंदीत, म्हणजे ८ फुटांत, ४ फूट चढतं. हा उतार झाला साडेसव्वीस अंशांचा. त्यातून ११ गेले, काडीला उरले १५-१६. थर १२ इंच केल्यावर काडी १६-१७ अंशांनी उचलली गेली आणि तिला जेमतेम १० अंश उरले. एवढ्या उतारावर पाणी घसरत नाही, काडीवर रेंगाळतं आणि वाट मिळेल तिथून आत शिरतं.

इगतपुरीचा पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात. तिथे गवताच्या छपराला ४५ अंशांच्या खाली जाऊच नये, ५० असेल तर उत्तम. कोन मोजायला यंत्र लागत नाही. रुंदीच्या निम्मी उंची, की ४५ अंश. तुमच्या १६ फुटांना आढं ८ फूट उंच हवं.

म्हणजे मधल्या मेढी, आढं पेलणारे खांब, नव्या घ्याव्या लागतील आणि वासेही. वळचण २ फूट बाहेर काढायची तर आतापर्यंत सव्वाअकरा फुटी वासा पुरत होता, आता सव्वाचौदा फुटी लागेल. गवत सव्वापट. छप्पर उंच झालं की वारा जास्त लागतो, म्हणून दोन्ही टोकांच्या मेढींना तिरपे टेकू द्या आणि प्रत्येक वासा खाली तुळईला बांधा. वरून आढ्याला बांधलाय म्हणून खाली सोडू नका. वादळात छप्पर वळचणीकडून उचललं जातं, आढ्याकडून नाही.

एवढा खर्च झेपत नसेल तर आहे त्या सांगाड्यावर पत्रा घाला. त्या उताराला पत्रा किंवा कौल चालतं, गवत चालत नाही. तिसऱ्यांदा गवत चढवून पैसे घालवू नका.

प्रश्न : पेठ तालुक्यात १५ बाय २० फुटांचं दोनपाखी घर शाकारायचं आहे. गवत, बांबू, काथ्या किती लागेल? गवतवाला "पाचशे पेंड्या" म्हणतो, शेजारी "तीनशे पुरतात" म्हणतात.

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं, कारण पेंडीचं माप गावागणिक बदलतं. वजनावर घ्या.

अर्धी रुंदी साडेसात फूट, त्यात वळचणीचे २ फूट मिळवा, साडेनऊ. ४५ अंशांच्या उताराला १.४१४ ने गुणायचं, म्हणजे वासा १३.४ फूट, कापताना १४ धरा. लांबी २० फूट आणि दोन्ही टोकांना दीड-दीड फूट बाहेर, २३ फूट. एक पाख, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, ३०८ चौरस फुटांचं, दोन्ही मिळून ६१६, म्हणजे सुमारे ५७ चौरस मीटर. ८ इंची दाबलेल्या थराला चौरस मीटरमागे अंदाजे २० किलो कोरडं गवत लागतं. हे झालं साडेअकराशे किलो. विंचरण्यात आणि छाटण्यात जातं ते, शिवाय आढ्याचं, असं १५ टक्के वर धरा. १३०० किलोच्या आसपास येतं. पेंडी ३ किलोची असेल तर ४४० पेंड्या.

वासे २ फुटांवर एक, पाखाला १२-१३. त्यावर आडव्या कांबी १० इंचांवर एक. पाखाला १७ ओळी येतात. कांबी बांबू चार फाकांत चिरून काढायच्या. तितक्याच कामट्या गवतावरून दाबायला लागतात. २० फुटी बांबूचे २२ ते २५ नग पुरतील. बांधणी प्रत्येक ओळीत दर फुटाला एक धरली तर दोन्ही पाखांवर पावणेआठशे गाठी होतात. गाठीमागे ३ फूट काथ्या. साडेसातशे मीटर आणून ठेवा, उरला तर आढ्याला लागतोच.

कांबीचं अंतर १० इंच का, तेही सांगतो, कारण मजूर हमखास दीड फूट करतात. गवत ४२ इंची आणि ओळ १० इंचांवर, म्हणजे छपराच्या कुठल्याही जागी चार ओळी एकावर एक येतात. दर ओळ २ इंच जाडीची, चार मिळून ८ इंच. अंतर दीड फूट केलं की दोनच ओळी एकावर एक येतात आणि मधे कुठेतरी एकच पातळ थर उरतो. गळती तिथून सुरू होते. तुमचं गवत अडीच फुटीच असेल तर कांबी ७ इंचांवर घ्या.

प्रश्न : गवत कोणतं, कधी कापावं? आणि चढवताना शेंडा खाली की बुडखा?

उत्तर : बुडखा खाली, शेंडा आढ्याकडे. बुडखा जाड आणि कडक, पाणी तिथून टपकतं. शेंड्याला पानं असतात, ती पाणी धरून बसतात.

डोंगरावरचं कडक काडीचं गवत सगळ्यात चांगलं. रोशा मिळाला तर घ्याच, त्याच्या वासाला किडे कमी येतात. कुसळीचं गवतही टिकतं, पण कुसळं झडल्यावर कापलेलं हवं, नाहीतर बांधणाऱ्याचे हात आणि घरातल्यांचे कपडे दोन्हींची वाट लागते. भाताचा पेंढा मऊ असतो. पावसाच्या पट्ट्यात त्याला दरवर्षी, फार तर वर्षाआड हात लावावा लागतो. चांगल्या उतारावरचं डोंगरी गवत तीन ते पाच पावसाळे काढतं.

कापणी दिवाळीनंतर, बी झडून काडी पिवळी पडली की. फार उशीर केला तर काडी ठिसूळ होते, आणि माघ-फाल्गुनात वणवा लागला तर तेही हातचं जातं. काडी बोटाभोवती गुंडाळून बघा. कट्कन तुटली तर फार वाळली, ओली लवचीक वाटली तर अजून थांबा. वाकून चिरली पण तुटली नाही, ती बरोबर. कापलेलं गवत उभ्या पेंड्या करून वाळवा, आडव्या गंजीत खालचं काळं पडतं. चढवण्याआधी प्रत्येक पेंडी खिळे ठोकलेल्या फळीतून ओढून विंचरा. बारीक पानं आणि तुकडे गळून पडतील. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून गाळलं जातं, आणि छप्पर आतून कुजायला सुरुवात होते ती याच बारीक पाचोळ्यापासून.

जंगलातलं गवत असेल तर वनपालांना किंवा गावच्या वन समितीला विचारून कापा, गायरानातलं असेल तर ग्रामपंचायतीला.

प्रश्न : बांधणीला तार चांगली की सुतळी? आमच्याकडे बांधकामाची काळी तार पडून आहे.

उत्तर : काळी तार नको. दोन पावसाळ्यांत गंजून तुटते, आणि तुटल्याचं बाहेरून कळत नाही. एखाद्या वाऱ्यात पूर्ण ओळ सरकते तेव्हाच कळतं. तार वापरायचीच तर जस्ताचा मुलामा दिलेली, १६ गेजची. नायलॉनची दोरी उन्हात कुजते, पण गवताखाली झाकलेली राहिली तर बरी टिकते. तागाची सुतळी एका पावसाची सोबती. काथ्या सगळ्यात सोपा. रात्रभर पाण्यात भिजवून वापरा, गाठ घट्ट बसते.

दोरी कोणतीही असो, तिची गाठ वरच्या ओळीखाली झाकली गेली पाहिजे. म्हणूनच काम वळचणीकडून आढ्याकडे चालतं. बांबूची हातभर सुई करायची, टोकाजवळ भोक पाडून. बाहेरचा माणूस सुई गवतातून आत घालतो, आतला माणूस दोरी कांबीखालून फिरवून सुई परत बाहेर सारतो, मग बाहेरचा कामटीवर गुडघा देऊन ओढतो. आतला माणूस आळशी असला की सुई कांबीला वळसा न घालताच परत येते आणि ती गाठ नुसती गवतात राहते. प्रत्येक ओळ संपली की बाहेरून हात घालून दोन-चार गाठी ओढून बघा.

पहिली, वळचणीची ओळ दुप्पट जाड घ्या आणि तिच्याखालची कांब बाकीच्यांपेक्षा इंचभर जाड ठेवा. त्यामुळे वरच्या ओळी ताणात बसतात.

आढं ही सगळ्यात कमजोर जागा. तिथे उतारच नसतो. दोन्ही पाखांच्या शेवटच्या ओळींचे शेंडे एकमेकांत अडकवून वळवा, त्यावर लांब गवत मोडून घोड्यावरच्या खोगिरासारखं दोन्हीकडे फूट-दीड फूट सोडा आणि कैचीसारख्या बांधलेल्या काठ्यांच्या जोड्या दर दोन फुटांवर ठेवून दाबा. हे दरवर्षी बदलायचंच असतं. ते नको असेल तर आढ्यावर मातीची कोनाची कौलं बसवा. गवताच्या छपरावर कौल कसं, असं काही जणांना वाटतं, पण आढं कोरडं राहतं हे महत्त्वाचं.

प्रश्न : आमच्या सासूबाई म्हणतात, घरात गॅस आला आणि छप्पर लवकर जायला लागलं. पूर्वी चार-पाच वर्षं हात लावावा लागत नसे, आता दोन वर्षांत वाशांतून पीठ गळतं. यात काही तथ्य आहे का? (सुरगाणा)

उत्तर : सासूबाई बरोबर आहेत. चुलीचा धूर गवतातून झिरपत बाहेर जायचा. त्याच्या उबेने आतली ओल सुकायची, आणि काजळीचा थर काडीवर, बांबूवर बसायचा, त्यात बुरशी आणि किडा टिकत नसे. जुन्या घरांचे वासे काळे चकचकीत असतात ते यामुळेच. २०१६ नंतर उज्ज्वलाचे सिलिंडर पाड्यापाड्यावर पोचले, चुली अंगणात गेल्या, धूर गेला.

म्हणून चूल परत घरात आणा असं नाही. छपराला मानवणारा धूर बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला मानवत नाही. धुराचं काम दुसऱ्या मार्गांनी करून घ्यायचं.

ओल बाहेर जायला वाट हवी. दोन्ही टोकांना आढ्याखाली फूटभर तिकोनी जागा उघडी ठेवा, तिला बांबूची जाळी लावा. पश्चिमेकडच्या टोकाला मात्र पावसाचा झोत येतो, तिथे वरून छोटं पाख खाली ओढा आणि त्याच्या पोटात वाट ठेवा.

पीठ गळतं ते बांबूच्या किड्याचं. तो बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो. बांबू किमान तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला घ्या. कोवळा, हिरवागार, पावसाळ्यात तोडलेला बांबू म्हणजे किड्याला आमंत्रण. तोडल्यावर महिना-दीड महिना वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवला की तो अंश धुऊन जातो. ते जमत नसेल तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अॅसिड विरघळवा. बांबूच्या गाठी आतून सळईने फोडून घ्या, नाहीतर द्रावण पोकळीत शिरत नाही. आठवडाभर बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. हे द्रावण पावसात धुऊन जातं, म्हणून छपराखालच्या वाशा-कांबींनाच उपयोगाचं. उरलेलं द्रावण नाल्यात किंवा गुरांच्या पाण्याजवळ ओतू नका.

मेढी मात्र खालून जातात, जमिनीलगत वीतभर जागेत. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, वाळवीही तिथूनच चढते. मेढ पुरण्याऐवजी सहा इंच उंच दगडावर उभी करा.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या बाजूला पर्यटकांसाठी गवती छत्र्या उभारल्यात. ठेकेदाराने "खात्रीसाठी" गवताखाली प्लास्टिकचा कागद अंथरला. दुसऱ्या वर्षी गवत काळं पडून हाताने निघायला लागलं.

उत्तर : खात्रीच झाली, गवत कुजण्याची. वरून भिजलेलं गवत खालूनही सुकावं लागतं. कागदाने खालची वाट बंद केली, रात्रीची दमट हवा कागदाला लागून थेंब धरते ती वेगळीच. कागद काढून टाका. खाली टेबलं असल्यामुळे पक्कं आच्छादन हवंच असेल तर पत्रा घाला, त्यावर २ इंच उंचीच्या पट्ट्या ठोका आणि गवत त्या पट्ट्यांवर बांधा, म्हणजे मधून वारा खेळेल.

गोल छत्रीत आणखी एक अडचण असते. खालच्या ओळीचा घेर मोठा, वरचा लहान. मजूर प्रत्येक ओळीला सारख्याच पेंड्या वापरतात, मग खाली विरळ आणि वर गच्च. खालून वर जाताना पेंड्या मोजून कमी करा.

प्रश्न : उंदीर, आणि त्यांच्यामागे साप.

उत्तर : पेंढ्यात राहिलेल्या भाताच्या लोंब्यांसाठी उंदीर येतो. पेंढा झोडून, विंचरूनच चढवा. छपराला टेकलेली झाडाची फांदी तोडा. वळचणीखाली लाकडं रचू नका.

प्रश्न : भर पावसात एकाच जागी गळायला लागलं तर?

उत्तर : थेंब पडतो तिथे भोक नसतं. पाणी वर कुठेतरी आत शिरतं, वाशावरून ओघळत येतं आणि कांबीला अडून टपकतं. आतून ओला वासा बोटाने चाचपत वर जा, ओल संपते त्याच्या थोडं वर भोक आहे. तात्पुरतं म्हणून त्या जागी वरची ओळ उचलून तिच्याखाली प्लास्टिकचा तुकडा सारा, वरची कड दोन ओळी आत. गवतावर नुसता कागद टाकून दगड ठेवले तर पाणी कागदाखालून जातं. उघडीप मिळाली की तुकडा काढा, काळं पडलेलं गवत मूठमूठ उपसून टाका आणि त्याच जागी विंचरलेलं नवं गवत बुडखा खाली करून, वरच्या ओळीच्या पोटात ठोकून बसवा. जुन्यावर नवं थापलं की ते आडवं पडतं आणि पाणी आत नेतं. छपरावर थेट पाय देऊ नका. शिडी आढ्याला अडकवून पाखावर आडवी टाका, तिच्यावरून काम करा.

प्रश्न : निफाड तालुक्यात कांद्याची चाळ आहे, उसाच्या पाचटाने शाकारलेली. पत्रा घालायचा विचार आहे, पण कांदा तापेल अशी भीती वाटते. पत्र्यावर पाचट टाकलं तर?

उत्तर : भीती खरी आहे. कांदा २५ ते ३० अंशांत आणि ६५-७० टक्के दमटपणात चांगला राहतो. मे महिन्यात पत्र्याखालची चाळ भट्टी होते. पत्र्यावर ४ ते ६ इंच पाचट, वर जुनी जाळी आणि दोऱ्या, हा उपाय उन्हाळ्यापुरता चांगला. पण पाऊस सुरू व्हायच्या आत पाचट खाली उतरवा. ओलं पाचट पत्र्याला चिकटून राहिलं तर पत्रा गंजतो, खिळ्यांच्या भोकांपासून सुरुवात होते.

निफाडचा पाऊस इगतपुरीच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे नुसत्या पाचटाचं छप्परही तिथे जमतं. मात्र दोन वर्षांपलीकडे भरवसा ठेवू नका. पाचटाची पानं लांब पण मऊ असतात, म्हणून पेंडी घट्ट हवी आणि कांबी ८ इंचांवर. वळचण ३ फूट बाहेर काढा. चाळीच्या बाजू उघड्या असतात आणि तिरप्या सरीत बाजूचाच कांदा आधी भिजतो. ढीग ५ फुटांच्या वर नेऊ नका आणि खालून हवा खेळायला दीड-दोन फूट मोकळे ठेवा. हे नसेल तर वर काय आहे याने फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : आगीसाठी काही फवारणी आहे का?

उत्तर : बोरॅक्सचं द्रावण ठिणगीला थोपवतं, पण पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातं. आतल्या बाजूने मातीचं लिंपण जास्त उपयोगी. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने डांबर मिसळून न धुपणारं लिंपण तयार केलं आहे, तेही याच तत्त्वावर. घरच्या घरी करायचं तर चुलीच्या आणि देवघराच्या वरच्या भागात कांबींना शेणमातीचा सेंटिमीटरभर थर द्या. चूल आतच असेल तर तिच्यावर, गवतापासून फूटभर खाली, पत्रा टांगा.

आता जास्त आगी लागतात त्या वायरमुळे. गवतात वायरचा जोड नको, पाईपमधूनच न्या, आणि दिवा गवतापासून फूटभर लांब, एलईडीचाच. दिवाळीत शेजारच्या पोरांचे बाण कुठे पडतील सांगता येत नाही, त्या चार रात्री वळचणीखाली पाण्याची दोन पिंपं भरून ठेवा आणि लांब बांबूला लोखंडी आकडा बांधून भिंतीला टेकवा. पेटलेलं गवत पाण्याने विझवण्यापेक्षा आकड्याने ओढून खाली पाडलेलं बरं, बाकीचं पाख वाचतं.